युटातील बारा क्रमांकाचा मार्ग

उंचावरील वाळवंट, म्हणजे समुद्रसपाटीपासून हजार-दीड हजार मीटरांहून वर वसलेला, पर्जन्यछायेतला आणि उन्हाळ्यातही रात्री गारठणारा कोरडा प्रदेश, मोटारहोमने ओलांडायचा तर रस्त्याची निवड केवळ देखाव्यावर सोपवून भागत नाही. कारण बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी पोटात घेऊन चालणारे हे अवजड वाहन विरळ हवेत चढावर धापा टाकते आणि उतारावर गिअर न बदलल्यास ब्रेक तापवून बसते. तरीही अमेरिकेच्या युटा राज्यातील, सुमारे 200 किलोमीटर लांबीचा राज्यमार्ग 12 सर्वांत उजवा ठरतो. एस्कलान्टे आणि बोल्डर या गावांदरम्यान ‘हॉगबॅक’ नावाची अरुंद डोंगरधार लागते, जिच्या दोन्ही अंगांना खोल उतार असून कठडा जवळजवळ नाहीच (तेथील देखावा चालकाने पाहू नये, हे उघडच); पुढे हाच रस्ता सुमारे 2,900 मीटरांवर ॲस्पेनच्या रानात शिरतो. याउलट, दुसऱ्या रस्त्यावरचा, झायन राष्ट्रीय उद्यानातला 1930 साली खुला झालेला बोगदा, कितीही नावाजलेला असला तरी, मोठ्या वाहनांना अरुंदच पडतो. बोल्डरहून फुटणाऱ्या बर ट्रेलची कच्ची, नागमोडी वळणे तर मोटारहोमवाल्यांनी सरळ वर्ज्य मानावीत. हॉगबॅक दिवसाउजेडीच पार करावा आणि पाणी व इंधन एस्कलान्टेलाच भरून घ्यावे.