प्रिन्सलेट स्ट्रीटवरील घर

पूर्व लंडनच्या स्पिटलफील्ड्स वस्तीत, प्रिन्सलेट स्ट्रीटवर, एकमेकांस खेटून उभ्या असलेल्या जुन्या घरांच्या ओळीत 19 क्रमांकाचे एक घर आहे. 1719 साली बांधलेल्या या जीर्ण इमारतीचा दरवाजा क्वचितच उघडतो, पण ज्या दिवशी उघडतो त्या दिवशी मी हातची कामे बाजूस सारून तेथे जातो, कारण परमुलखात बिऱ्हाड मांडणे म्हणजे काय याची इतकी स्पष्ट साक्ष या शहरात मला अन्यत्र मिळालेली नाही.

नांतचा धर्मसहिष्णुतेचा हुकूमनामा चौदाव्या लुईने 1685 मध्ये रद्द केल्यावर फ्रान्समधून जे ह्यूगनो प्रॉटेस्टंट परागंदा झाले, त्यांपैकी ओजिये हे रेशमाच्या धंद्यातले कुटुंब येथे नांदले. पुढे घर खोल्याखोल्यांनी भाड्याने गेले, माळ्यावर विणकाम आले. तेथील खिडक्या खालच्या मजल्यांवरील खिडक्यांहून रुंद आहेत, कारण तलम धाग्याचा रंग नेमका दिसण्यासाठी विणकराला उजेड हवा, आणि लंडनचा उजेड किती कृपण आहे हे येथे एक हिवाळा काढलेल्या कोणासही सांगावे लागत नाही.

1869 मध्ये पोलंडकडून आलेल्या ज्यूंनी मागील बागेच्या जागेवर आपले प्रार्थनामंदिर उभारले. घराच्या अंधाऱ्या बोळातून पुढे जावे आणि अकस्मात डोक्यावर रंगीत काचांचे छत यावे, हा अनुभव कितव्यांदाही तितकाच विलक्षण वाटतो. स्त्रियांसाठी केलेल्या सज्जाच्या फळ्यांवर देणगीदारांची नावे रकमांसह रंगविली आहेत. देवळाच्या पायरीवर कोरलेली अशीच नावे वाचत लहानाचा मोठा झालेला मी त्या फळ्यांखाली बराच वेळ उभा राहतो, कारण पोटाला चिमटा काढून दिलेल्या पैशाची ती जाहीर पावती मला ओळखीची आहे.

माळ्यावर डेव्हिड रॉडिन्स्की हा अनेक भाषांचा व्यासंगी एकाकी गृहस्थ राहत असे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तो दिसेनासा झाला, आणि 1980 मध्ये त्याची खोली उघडली तेव्हा त्याची पुस्तके, टिपणे व कागदपत्रे धुळीखाली जशीच्या तशी पडलेली होती. त्यांत लंडनच्या रस्त्यांचे एक नकाशापुस्तक होते, ज्यात त्याने आपल्या पायपिटीच्या वाटा स्वहस्ते आखल्या होत्या. पहिल्या वर्षी मीही असेच एक पुस्तक बाळगून होतो, आणि चाललेल्या रस्त्यावर पेन्सिलीची रेघ ओढली की तेवढे शहर आपल्या वहिवाटीत आल्यासारखे वाटे.

आता येथे स्थलांतराचे संग्रहालय आहे. घर नाजूक झाले आहे, त्यास दुरुस्ती हवी आणि ती लवकर हवी. परंतु या घराचे मूळ रूप परत आणण्याच्या भरात कोणी ती बाग पुन्हा फुलवू म्हणेल, तर माझा त्यास सक्त विरोध राहील. बाग एका कुटुंबाची होती. तिच्या जागी एका समाजाने छत घातले, आणि पाऊस पडू लागला की त्याच्या काचांवरचा आवाज खाली उभ्या असलेल्या आम्हां सर्वांना ऐकू येतो.