पाठवलंय!

कोकणात नवा माणूस भेटला की त्याला गाव विचारतात. पुण्याच्या पेठांत आडनाव विचारतात. आमच्या पिंपरी-चिंचवडात विचारतात, "कुठली कंपनी?" आणि उत्तर येण्याच्या आत दुसरा प्रश्न, "कुठली शिफ्ट?" १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मागोमाग मोटारी आल्या, स्कूटरी आल्या, आणि कारखान्यांची ही वरात भोसरी, मोशी करत चाकणच्या कांद्याच्या बाजारापर्यंत जाऊन पोचली. एवढ्या काळात या दोन प्रश्नांनी कुणाचं अडलं नाही. मुलगा टर्नर आहे, फिटर आहे, टूलरूममध्ये आहे म्हटलं की मुलीचा बाप समाधानानं मान डोलवायचा आणि पोहे पुढे सरकायचे.

आमच्या भाच्यानं ही सोय मोडली. तो हिंजवडीला जातो. काय करतो असं विचारलं तर म्हणतो, "मामा, डिस्ट्रिब्युटेड अॅप्लिकेशन्समध्ये असिंक्रोनस कोडच्या परफॉर्मन्सचं मॉनिटरिंग करतो." हे वाक्य आमच्या बहिणीला तीन महिने घोकूनही पाठ झालं नाही. स्थळाकडच्या मंडळींना ती सांगते, "तो काँप्युटरवर लक्ष ठेवतो." त्यावर एका वधूपित्यानं अत्यंत सहानुभूतीनं विचारलं, "म्हणजे सिक्युरिटीत का? वर्दी असेल मग."

मी स्वतः १९७८ ते २०१४ पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात काढली आहेत. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, हे छत्तीस वर्षं बघणाऱ्या माणसाला 'लक्ष ठेवणं' या धंद्याबद्दल आपुलकी वाटणारच. एका रविवारी भाच्याला समोर बसवला आणि म्हटलं, "हे बघ, इंग्रजी शब्द बाहेर चपलांपाशी ठेव आणि मला समजेल असं सांग."

त्यानं कँटीनपासून सुरुवात केली. जुन्या हॉटेलात एकच पोऱ्या दहा टेबलं सांभाळतो. ऑर्डर घेतो, आत ओरडतो, आणि दोसा होईस्तोवर भटारखान्याच्या दाराशी उभा न राहता पुढच्या टेबलाकडे वळतो. हे असिंक्रोनस. कोडमध्ये 'अवेट' म्हणून शब्द लिहितात. त्याचा अर्थ 'थांब'. पण थांबायचं ते त्या कामानं, काम करणारा दरम्यान दुसरीकडे निघून जातो. (हा शोध कचेऱ्यांतल्या टेबलांना फार पूर्वीच लागला होता, पण ते असो.) आता हाच पोऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत उभा राहिला, की भटारखाना रिकामा असूनही दहाही टेबलं उपाशी. तेव्हा पोऱ्या एकाच जागी किती वेळ अडकतो, हे बघणं भाच्याचं पहिलं काम.

"आणि डिस्ट्रिब्युटेड म्हणजे?"

"म्हणजे चटणी भोसरीत, सांबार मोशीत आणि दोसा चाकणला. कुणीच कुणाला बघितलेलं नाही. चिठ्ठ्या पाठवायच्या, चिठ्ठ्या रांगेत पडायच्या, ज्याच्या त्याच्या सवडीनं उचलल्या जायच्या."

इथं मला आमच्या कारखान्यातला टाइम स्टडीवाला आठवला. हातात स्टॉपवॉच, बगलेत पॅड. तो शेजारी येऊन उभा राहिला की लेथसुद्धा दमल्यासारखा फिरायचा. लेथवर बारा मिनिटं, ड्रिलिंगला चार, ग्राइंडिंगला नऊ, असं तो चोख लिहून न्यायचा. बेरीज पंचवीस मिनिटं. आणि तो नग प्रत्यक्षात बाहेर पडायचा नवव्या दिवशी! कारण नग मशीनवर फार थोडा वेळ असतो, उरलेला सगळा वेळ तो दोन मशीनांच्या मधल्या ट्रॉलीवर पडून असतो. लेथवाल्याला विचारा, "पाठवलाय." ड्रिलिंगवाल्याला विचारा, "आला की करतो." दोघंही खरं बोलतात. स्टॉपवॉच माणसापाशी उभं राहतं, ट्रॉलीपाशी कोण उभं राहणार?

"मामा, आमचा सगळा धंदा त्या ट्रॉलीचाच आहे," भाचा म्हणाला. तो मला एकदम सख्खा भाचा वाटू लागला.

त्यावर आमच्या कारखान्याचा उपाय होता रूट कार्ड. मालाच्या प्रत्येक लॉटबरोबर एक कार्ड फिरायचं. त्यावर लॉटचा नंबर, आणि प्रत्येक टप्प्यावर कधी आला, कधी गेला याची नोंद. काँप्युटरवाल्यांनीही शेवटी तेच केलं. गूगलनं २०१० साली आपल्या 'डॅपर' नावाच्या व्यवस्थेची माहिती प्रसिद्ध केली. प्रत्येक विनंतीला एक क्रमांक चिकटवायचा आणि ती जिथं जिथं जाईल तिथं त्या क्रमांकाखाली वेळ लिहायची, ही तिची रीत. हा क्रमांक एकाकडून दुसऱ्याकडे कसा द्यायचा याचा इंटरनेटवरचा नियम २०२० साली ठरला. क्रमांक बत्तीस अक्षरी असतो. आमचा लॉट नंबर पाच आकडी होता आणि तोही स्टोअरकीपरला वाचता यायचा नाही.

खरं तर हे आमच्याच मातीतलं. चाकण ज्या खेड तालुक्यात येतं तिथले, मावळ-जुन्नर-आंबेगावचे लोक १८९० सालापासून मुंबईत डबे पोचवताहेत. झाकणावर खूण, आणि डबा चार हातांतून जातो, पुढच्या हाताला मागच्या घराचा पत्ता ठाऊक नसला तरी चालतं. फरक इतकाच, की डब्यावरची खूण जागा सांगते, रूट कार्ड वेळही सांगतं.

वेळ म्हटली की घड्याळ आलं आणि घड्याळ आलं की टाइम ऑफिस आलं. गेटवरचं घड्याळ आणि कँटीनचं घड्याळ यांचं कधी पटलं आहे का? काँप्युटरांचंही पटत नाही. भाचा सांगत होता, दोन यंत्रांच्या घड्याळांत सेकंदाच्या अंशाचाही फरक पडला की कागदावर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, लेक आधी जन्मली आणि आई मागाहून, असं दिसतं. शिवाय मोजण्याचंही कामावर ओझं पडतं. म्हणून डॅपरनं सुरुवातीला १०२४ विनंत्यांमागे एकच निवडून मोजली. आमचा टाइम स्टडीवालाही चारांतल्या एकाच मशीनवर जायचा. पण त्याचं कारण उन्हाळा हे होतं.

"मग सरासरी काढली की झालं," मी म्हटलं.

भाच्यानं हात जोडले. "मामा, तुमच्या सरासरीनंच घात केलाय." आणि त्यानं लग्नाचा हिशेब मांडला. समजा, लग्नाला शंभर पाहुणे यायचेत. प्रत्येक जण इतका वक्तशीर, की शंभरात एकदाच उशीर करतो. पण शंभरही जमल्याशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत. तर शंभरांपैकी किती लग्नांचा मुहूर्त टळेल? मी एक म्हटलं. उत्तर त्रेसष्ट! हा हिशेब गूगलच्याच दोन शास्त्रज्ञांनी, जेफ डीन आणि लुईझ बरोझो यांनी, २०१३ साली मांडला आहे. पाहुण्यांच्या जागी त्यांनी शंभर सर्व्हर धरले होते एवढंच. प्रत्येकाची वर्तणूक उत्तम, आणि त्रेसष्ट भटजी खोळंबलेले. म्हणून भाच्याची मंडळी सरासरीला फारसं विचारत नाहीत. शंभरातला नव्व्याण्णवावा माणूस किती ताटकळला, ते बघतात.

हे मला पटलं ते आमच्या सोसायटीतल्या आप्पांमुळे. आप्पांचं भोसरीत आठ माणसांचं वर्कशॉप आहे. सीएनसी मशीन बँकेच्या कर्जावर आणि टेंपो आप्पांच्या नशिबावर चालतो. चाकणच्या एका मोठ्या कंपनीला ते रोज दोन खेपा माल देतात. कंपनीचं नाव घेत नाही, आप्पांना अजून तिथंच माल द्यायचाय. गेटवर चलन स्कॅन करायचं, निरोप आत जायचा, आतून हिरवी खूण आली की टेंपो आत. मध्यंतरी खूण येता येईना. टेंपो दुपारचा गेटवर लागायचा आणि तिथंच संध्याकाळ व्हायची. दुसरी खेप बुडायची. आप्पा फोन करायचे. गेटवाला म्हणे, "स्कॅन केलंय." काँप्युटर विभाग म्हणे, "आमच्याकडे सरासरी ठीक आहे." स्टोअर म्हणे, "हिरवं दिसलं की घेतो." सगळे निर्दोष, आणि आप्पांचा बँकेचा हप्ता थकलेला. आठांपैकी दोघांना 'पुढच्या महिन्यापासून येऊ नका' सांगायची पाळी आली होती.

भाच्यानं आप्पांच्या ड्रायव्हरला चाळीस पानी वही दिली. म्हणाला, "दादा, कुणाशी भांडू नका. फक्त वेळ लिहा. एकाच घड्याळातली." गेटवर पोचलो, स्कॅन झालं, हिरवं आलं, माल उतरला, बाहेर पडलो. पंधरा दिवस. सकाळच्या खेपेला स्कॅन ते हिरवं तीन-चार सेकंद. दुपारी अडीचनंतरच्या खेपेला कधी पन्नास मिनिटं, कधी सव्वा तास. दिवसभरात शेकडो गाड्या सकाळी सुरळीत जायच्या, दुपारच्या मोजक्या गाड्या किती खोळंबल्या, ते त्या सरासरीवरून कळायचं नाही. आप्पांनी वही नेऊन साहेबांपुढे ठेवली. शोध घेतला तेव्हा कळलं, अडीचला आत साठ्याचा ताळा घेणारा एक प्रोग्रॅम सुरू व्हायचा. त्याचे हजारो निरोप त्याच रांगेत शिरायचे आणि आप्पांचं चलन त्यांच्या मागं उभं राहायचं. पोऱ्या सुट्ट्या पैशांत अडकला होता तो असा. तो प्रोग्रॅम रात्री दोनला ढकलला. दुसरी खेप सुरू झाली. ती दोन माणसं अजून कामावर आहेत.

तेव्हापासून मला भाच्याचा धंदा चांगला सांगता येतो. सगळे 'पाठवलंय' म्हणतात आणि कुठंच पोचलेलं नसतं, तेव्हा मधल्या अंधारात कंदील घेऊन जाणारा माणूस तो. यापेक्षा वर्दीची नोकरी मोठी नाही.

ड्रायव्हरला मात्र वहीची सवय लागली. तो आता आपल्या खुशीनं सगळंच लिहितो. भोसरी ते मोशी इतकी मिनिटं, मोशी ते कुरुळी इतकी. परवा त्यानं मला पान दाखवलं. गेटचा आकडा तीन सेकंद. त्याच्या वरच्या ओळीत 'चाकण, तळेगाव चौक' आणि पुढं एक तास दहा मिनिटं. भाच्यानं ती ओळ बराच वेळ निरखली, वही मिटली आणि म्हणाला, "दादा, ही रांग आमच्या सॉफ्टवेअरच्या बाहेरची."