बिनचुन्याचा गड

एक गंमत सांगू? स्कॉटलंडच्या डोंगराळ वायव्य किनाऱ्यावर एक गाव आहे, ग्लेनेल्ग. त्याचं इंग्रजी स्पेलिंग उलट वाचा, नाव तेच राहतं! वळणावळणाचा घाट ओलांडून मी आणि माझा भाचा तिथं पोचलो. आम्हाला बघायचा होता एक गड.

गावाजवळच ग्लेन बेग नावाची चिंचोळी दरी आहे. ओढ्याच्या कडेकडेनं अरुंद रस्ता जातो. एका वळणावर समोर दगडी मनोरा दिसला, पण अर्धाच! मधोमध कापून निम्मा कुणी उचलून न्यावा, तसा. हाच ‘डून टेल्व’. तिथल्या गेलिक भाषेत ‘डून’ म्हणजे गड.

त्याचं वय सुमारे २००० वर्षं. उंची अजूनही १० मीटर, म्हणजे तीनमजली घराएवढी. आणि चुना? चिमूटभरसुद्धा नाही! कोकणातला गडगा पाहिलाय ना? तसेच नुसते दगडावर दगड रचलेले.

“मग हा इतकी वर्षं उभा कसा?” भाच्यानं विचारलं.

उत्तर पडक्या बाजूनंच दिलं. तिथून भिंतीचं पोट उघडं दिसतं. ती एक भिंत नाहीच, एकात एक अशा दोन भिंती आहेत! मधे पोकळी. मधूनमधून लांब, चपटे दगड आडवे घालून दोन्ही भिंती एकमेकींना बांधल्या आहेत. त्यामुळे वजन कमी आणि मजबुती जास्त. या पोकळीतूनच जिना वर जातो. आतल्या भिंतीतून दगडांची एक कड पुढे आली आहे. तिच्यावर लाकडी माळा टेकत असावा.

हा लढायचा गड की एखाद्या बड्या शेतकऱ्याचं घर, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. पण जवळच याचा भाऊ शोभेल असा ‘डून ट्रॉडन’ आहे. १९२० साली तिथं चूल आणि खांबांचे खळगे सापडले. म्हणजे इथं माणसं शेकत बसायची, जेवायची, हे नक्की.

मग अर्धा मनोरा गेला कुठं? पावसानं नाही, वाऱ्यानं नाही, माणसांनी नेला! १७२२ साली इथले दगड काढून नेले. तेव्हा जवळच बर्नेराला सरकारी सैन्याच्या बराकी बांधत होते, त्यांच्यासाठीच ते नेले असावेत. आयते दगड मिळाल्यावर डोंगर कोण फोडणार? आज त्या बराकींवरही छप्पर नाही. त्याही पडक्याच!

आम्ही परत निघालो. भाचा मात्र घुटमळला. खिशातून त्यानं एक चपटा दगड काढला. ‘आठवण’ म्हणून हळूच उचललेला. तो भिंतीच्या पायथ्याशी ठेवत म्हणाला, “असा एकेक करूनच अर्धा गेला ना, मामा?”