भिंतीवरच्या दोन दिनदर्शिका

वाचकहो, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन दिनदर्शिका आहेत. पहिली नेहमीची, एकादशी-चतुर्थी दाखवणारी आणि दुधाचा हिशेब सांभाळणारी. दुसरी म्हणजे एक साधा छापील कागद, माझ्या मुलाच्या कार्यालयाने दिलेली सुट्ट्यांची यादी. तिच्यात गुढीपाडवा नाही, नारळी पौर्णिमा नाही. मे महिन्याचा शेवटचा सोमवार आहे, ४ जुलै आहे, सप्टेंबरचा पहिला सोमवार आहे आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आहे. मुलगा वागळे इस्टेटमधील एका कार्यालयात अमेरिकेतील ग्राहकांचे काम पाहतो. सायंकाळी पाच वाजता त्याला न्यायला गाडी येते आणि पहाटे साडेतीनच्या सुमारास तो घरी परततो. अमेरिका जागी असेल तेव्हा त्याने जागायचे आणि अमेरिकेला सुट्टी असेल तेव्हाच त्याने विसावायचे.

मी स्वतः याच वसाहतीत ३६ वर्षे लेथवर उभा राहिलो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि वागळे इस्टेट ही त्याच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक. आमच्या काळी भोंग्यावर घड्याळे लावली जात. आता त्या शेडच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि रात्री अकरा वाजता त्यांच्या सर्व मजल्यांवर दिवे असतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुलगा डबा घेऊन कामावर निघाला की मला मनस्वी राग येई. परक्यांचे सण पाळायचे आणि आपले सोडायचे, ही कसली रीत?

पत्नीला मात्र त्यात गंमत वाटे. २०१९ साली २ सप्टेंबरला, सोमवारी, गणेशचतुर्थी आणि अमेरिकेचा ‘लेबर डे’ एकाच दिवशी आले. मुलगा आरतीला घरी होता. उकडीच्या मोदकांवर तूप वाढताना ती म्हणाली, “या वर्षी अमेरिकेला गणपती पावला!”

पुढे २०२१ च्या पावसाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. समजत सारे होते, पण शब्द सापडत नव्हते. सून शाळेत शिक्षिका; ती सकाळी साडेसहाला बाहेर पडे. मुलगा तेव्हा झोपलेला. त्यामुळे तिचे आंघोळ-पाणी, औषधे, व्यायाम आणि जेवण हे सारे मी माझ्याकडे घेतले. घेतले म्हणण्यापेक्षा कुणाला घेऊच दिले नाही. कुणी मदतीला आले की मी म्हणे, “राहू द्या, मला सवय आहे.” वाचकहो, आपल्यापैकी किती जणांनी हे वाक्य उच्चारले असेल!

रिकाम्या दुपारी मी त्या दुसऱ्या दिनदर्शिकेचा अर्थ शोधू लागलो. रागाने पाहिलेल्या त्या तारखांमागे माणसांच्या कथा होत्या. मेच्या शेवटच्या सोमवारी येणारा ‘मेमोरियल डे’ अमेरिकेच्या यादवी युद्धानंतरचा. ३० मे १८६८ रोजी त्या युद्धातील मृतांच्या थडग्यांवर ठिकठिकाणी फुले वाहण्यात आली. आपण पितृपक्षात पान वाढतो, ते फुले ठेवतात. गेलेल्यांसाठी वर्षातून एकदा थांबावे, ही भावना तीच. पुढे १९६८ च्या एका कायद्याने असे काही दिवस सोमवारी आणले आणि १९७१ पासून तो अमलात आला. शनिवार-रविवारला जोडून तीन दिवसांची सलग विश्रांती मिळावी, हा त्यामागचा हेतू होता.

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे ‘थँक्सगिव्हिंग’, आभाराचा दिवस. १६२० च्या अखेरीस इंग्लंडमधून गेलेले लोक प्लिमथ येथे उतरले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्यातील निम्मे दगावले. वाचलेल्यांनी मक्याची शेती तिथल्या मूळ रहिवाशांकडून शिकून घेतली आणि १६२१ च्या सुगीनंतर वाम्पानोआग जमातीच्या लोकांसह तीन दिवस भोजन केले. आपल्या नवान्नासारखाच हा सण. सारा जोसेफा हेल या संपादिकेने त्याला राष्ट्रीय मान मिळावा म्हणून अनेक वर्षे पत्रे लिहिली. अखेर १८६३ साली, यादवी ऐन भरात असताना, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी तो जाहीर केला. चौथा गुरुवार हा कायदा १९४१ चा. या कथेला दुसरी बाजूही आहे. ज्यांनी मका पिकवायला शिकवले, त्यांच्या जमिनी पुढे गेल्या. म्हणून १९७० पासून मूळ रहिवाशांपैकी काही जण त्याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. आभार मानताना ऋण विसरू नये, एवढे मला त्यातून उमगले.

२४ नोव्हेंबर २०२२ च्या गुरुवारी सायंकाळी मुलाची गाडी आली नाही. सून म्हणाली, “बाबा, आज आपणही तो सण करू.” तिकडे टर्की पक्षी भाजतात आणि लाल भोपळ्याचा गोड पदार्थ करतात. आमच्याकडे भोपळ्याचे घारगे झाले. पत्नीसाठी भोपळा वाफवून, घोटून घट्टसर केला. तिला खुर्चीत ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, छोट्या चमच्याने भरवायचे, हे आम्हाला शिकवले गेले होते. जेवणाआधी प्रत्येकाने एकेका गोष्टीबद्दल आभार मानायचे, अशी तिकडची प्रथा मुलाने सांगितली. आपल्या घरात आभार मानण्याची पद्धत नाही. घरच्यांना ‘आभारी आहे’ म्हटले तर ते परके वाटतात. तरी नातवापासून सुरुवात झाली. सुनेने सासूचे आभार मानले, मुलाने माझे. मी काहीतरी पुटपुटलो. मग सर्वांच्या नजरा पत्नीकडे गेल्या. ती बराच वेळ ओठांशी झगडत राहिली. डावा हात माझ्या मनगटावर ठेवून अखेर ती म्हणाली, “तुम्ही… झोपा.”

दोन शब्द. दीड वर्षात तिच्या तोंडून मी ऐकलेले ते सर्वांत स्पष्ट शब्द होते आणि त्यांत आभार नव्हते, काळजी होती. रात्रीतून चार-पाच वेळा उठणारा, दिवसा बसल्या बसल्या पेंगणारा, क्षुल्लक कारणावरून खेकसणारा मनुष्य तिने दीड वर्ष खुर्चीतून पाहिला होता.

त्या रात्री मुलाने औषधांचा डबा उघडला. आईच्या गोळ्या वारांप्रमाणे कप्प्यांत नीट लावलेल्या होत्या. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी मात्र जवळजवळ भरलेली होती. “बाबा, आईच्या गोळ्या तुम्ही मोजता. तुमच्या कोण मोजतं?” माझ्याकडे उत्तर नव्हते. शुक्रवारीही त्याला सुट्टी होती. तो मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्तदाब १८० आणि १०० निघाला. डॉक्टर रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, “तुम्ही पडलात तर या घरात दोन रुग्ण होतील आणि सांभाळणारा एकही उरणार नाही.”

घरी आल्यावर मी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा, ‘लेबर डे’चा, विचार करू लागलो. हा कामगारांचा दिवस. ५ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये कामगारांनी पहिली मिरवणूक काढली आणि १८९४ साली त्याला राष्ट्रीय सुट्टीचा दर्जा मिळाला. गंमत अशी की १ मे या कामगार दिनाचे मूळही अमेरिकेतच आहे. आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८८६ पासून तिथे संप झाले आणि शिकागोत रक्त सांडले. १८८९ साली पॅरिसच्या परिषदेने १ मे हा दिवस ठरवला आणि तो जगभर गेला. अमेरिकेने स्वतः मात्र सप्टेंबर धरला. आपल्याकडे पाहिले तर रविवारच्या सुट्टीसाठी मुंबईच्या गिरणी कामगारांना उभे करणारे नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, आपल्या ठाण्यातलाच. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मागणी मान्य केली.

मी आयुष्यभर मे दिनाच्या मोर्चात चाललो. साप्ताहिक सुट्टी हा हक्क आहे, असे ओरडून घसा बसवून घेतला. आणि घरातल्या सेवेत मात्र दीड वर्षात एक दिवस सुट्टी घेतली नव्हती. स्वतःच्या बाबतीत मीच निर्दय मालक ठरलो होतो.

आता आमच्या घरी नियम आहे. यादीतील प्रत्येक सुट्टी ही माझी सुट्टी. या दिवसांचा एक मोठा फायदा आपल्याही उपयोगी पडेल: ते बहुधा आपल्याकडील कामाच्या दिवशी येतात. त्यामुळे दवाखाना, बँक, रक्ततपासणीची प्रयोगशाळा सारे उघडे असते. ४ सप्टेंबर २०२३ च्या सोमवारी मी तीन वर्षे टाळलेली डोळ्यांची तपासणी केली आणि त्याच नोव्हेंबरात मोतीबिंदू काढला. मधल्या आठवड्यांत रविवारची दुपार सून सांभाळते.

सुट्टी घेण्यासाठी तयारी लागते. मी एका वहीत सारे लिहून ठेवले आहे: कोणते औषध किती वाजता, उठवताना आधार कुठे द्यायचा, लुळा हात धरून कधीही ओढायचे नाही, अडचण आली तर कोणाला फोन करायचा. आपल्या घरी कुणाच्या मुलाला अशा सुट्ट्या नसतील. तेव्हा भाऊ, शेजारीण, भाची, कुणीही चालेल. फक्त वही हवी आणि ‘राहू द्या’ म्हणण्याची सवय सोडायला हवी. माझ्या हातून त्या दोघांचे काम पहिल्यांदा तपासून पाहिले गेले, चुका काढल्या गेल्या. ते टाळावे. त्यांची पद्धत वेगळी असेल, चुकीची असेलच असे नाही.

सुट्टीच्या संध्याकाळी मी रायलादेवी तलावाच्या काठी बसतो. पहिल्या वेळी अर्ध्या तासात अपराधी वाटून परतलो होतो. आता दीड तास बसतो. घरी आलो की पत्नी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहते आणि समाधानाने मान हलवते.

वाचकहो, आपणही एखाद्या आजाऱ्याची सेवा करत असाल, तर हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एवढे करा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पुढच्या पंधरवड्यातला एक वार निवडा आणि त्या चौकोनात स्वतःचे नाव लिहा. मग घरातल्या कुणाला तरी हाक मारून तो चौकोन दाखवा.