हिराकशीची फवारणी

पिकाचे भरणपोषण मुळांनी करावे हा सृष्टीचा कायदा खराच. परंतु चुनखडीच्या जमिनीत पेरलेल्या भुईमुगाचे शेंडे ऐन पावसाळ्यात पिवळे पडू लागले, म्हणजे पानांवाटे पोषणाची तजवीज करणे भाग पडते. अशा जमिनीत लोह मुबलक असते, पण चुन्याच्या योगाने ते अविद्राव्य झालेले असल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. फवारणीपूर्वी रोपाजवळ बसून पान न्याहाळावे, असा माझा आग्रह आहे. नत्राची उणीव असेल तर जुन्या पानांतले नत्र कोवळ्या पानांकडे जाते, म्हणून पिवळेपणा खालून चढतो. लोह मात्र एकदा पानात स्थिरावले की सहसा हलत नाही, म्हणून शेंड्याचेच पान प्रथम फिके पडते आणि त्यावर शिरांची हिरवी जाळी तेवढी शिल्लक राहते. हा दाखला मिळाल्यावाचून पंप पाठीवर घेऊ नये.

दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस आणि थोडे सायट्रिक आम्ल एवढेच द्रावण लागते. ते त्या वेळीच करावे, कारण ठेवले की त्याला तांबूस रंग चढतो आणि त्यातले लोह पानाच्या फारसे उपयोगी राहत नाही. उन्हे उतरल्यावर फवारावे, म्हणजे थेंब सावकाश सुकतात. काही दिवसांनी त्या फिक्या पानावर, जेथे जेथे थेंब टेकला होता नेमके तेथेच, हिरवे ठिपके उमटतात; हे दृश्य मला अजूनही मोहवते. पण त्यानंतर फुटणारे पान पुन्हा पिवळेच येते, म्हणून दहापंधरा दिवसांनी फवारणी पुन्हा करावी लागते.

पानांवर याहून अधिक भार टाकणे मला रास्त वाटत नाही. 2 टक्के युरियाचे 500 लिटर द्रावण हेक्टरी फवारले तरी नत्र साडेचार किलोंच्या आसपासच पडते, आणि एक टन सोयाबीनच्या दाण्यांतच ते सुमारे 60 किलो असते! हलक्या, रेताड जमिनीत भुईमुगाच्या शेंगा पोचट राहतात, तेथे तर पानांवर कॅल्शियम फवारणे व्यर्थच. कारण पानात गेलेले कॅल्शियम खाली शेंगेत उतरत नाही, आणि जमिनीत शिरलेल्या आऱ्या व वाढत्या शेंगा ते भोवतालच्या मातीतून स्वतःच शोषतात. तेथे फुले लागून आऱ्या सुटण्याच्या सुमारास, वापसा पाहून, झाडांच्या बुडाशी जिप्सम पसरावे आणि हलक्या हाताने मातीत मिसळावे.