यंत्राची जबानी

बदलीच्या नोकरीत बंगल्याबरोबर पुष्कळ गोष्टी पदरात पडतात. पुढल्या अंगणात दुर्वांची हिरवळ असते, ती कापावयाचे यंत्र असते, आणि त्या यंत्रापायी साचलेले तंटेही असतात. आमच्या गावाकडे गवत कापावयाचे ते विळ्याने, आणि तेही गुरांसाठी. गवत केवळ पाहण्यासाठी वाढवावे आणि वाढले की बोटभर उंचीवर छाटून टाकावे, ही हौस मूळची साहेबाची. ग्लॉस्टरशायरमधील एडविन बडिंग याने गिरणीत कापडावरील लव कातरण्याचे यंत्र पाहिले, त्यावरून गवत कातरण्याचे यंत्र रचले आणि १८३० साली त्याचे पेटंट घेतले. साहेब गेला, त्याची हौस मात्र आम्हां अधिकारीमंडळींच्या नावावर जमा झाली.

लखनौच्या बंगल्यात आम्ही राहावयास गेलो तेव्हा श्रावण होता आणि गवत गुडघ्याला लागत होते. यंत्र पेट्रोलवर चालणारे. दोरी ओढली की ते सुरू होई, परंतु त्याचा आवाज घटकेत चढे, घटकेत उतरे, आणि दाट गवतात शिरताच ते विझून जाई. त्याविषयी कचेरीत एक टिपण तयारच होते. ‘माळ्याच्या निष्काळजीपणामुळे यंत्र निकामी’ असा त्यात शेरा होता, आणि नव्या यंत्राच्या किमतीचा काही भाग त्याच्या पगारातून वसूल करावा अशी शिफारसही होती. माळी कंत्राटी, वयाने आमच्या थोरल्या बंधूंएवढा. तो एवढेच म्हणाला, “हुजूर, मशीन का दम फूलता है.” सही करण्यापूर्वी यंत्राचीही जबानी घ्यावी, असे आम्हांस वाटले.

असले इंजिन चार गोष्टींवर जगते : हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब. ते सुरू होत होते, त्याअर्थी चारही गोष्टी थोड्याबहुत हजर होत्या. कमी कोणती पडते एवढेच शोधावयाचे होते. अशा चौकशीचा नियम एकच. सोपे ते आधी पाहावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पात्याजवळ हात नेण्यापूर्वी स्पार्क प्लगची तार काढून ठेवावी, हे मात्र सर्वांच्या आधी.

हवेच्या गाळणीत धूळ होती, म्हणून तो स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन वाळविला. फरक पडला नाही. हवा कोंडली असती तर काळा धूर दिसता आणि प्लगावर काजळी धरती. आमचा प्लग उलट पांढुरका निघाला. याचा अर्थ, हवा भरपूर पण पेट्रोल तोकडे. टाकीच्या झाकणाचे छिद्र बुजले तरी पेट्रोल अडते, म्हणून झाकण सैल करून पाहिले. तेही निर्दोष ठरले. मग चोक अर्धा ओढला. चोकाने हवा कमी होते आणि मिश्रणातील पेट्रोलचा वाटा वाढतो. त्याबरोबर इंजिन एका सुरात चालू लागले! चढउताराचा उलगडा झाला. पेट्रोल कमी पडून वेग उतरे, गव्हर्नर झडप उघडी, वेग चढे, तो पुन्हा झडप मिटी; आणि हा खेळ अखंड चाले.

गुन्हेगार कार्बोरेटरमध्ये सापडला. खालची वाटी सोडविली, तो तळाशी पाण्याचे थेंब आणि पिवळट चिकटा. जेटचे केसाएवढे छिद्र त्या चिकट्याने अर्धे बुजले होते. विजेच्या वायरीतील तांब्याचा एक बारीक तंतू घेऊन माळ्याने ते हलक्या हाताने मोकळे केले, वाटी पुसली, टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरले. चोक न ओढताही इंजिन समेवर आले. माळ्याने काही न बोलता गळ्यातल्या गमछाने आपले तोंड पुसले, आणि यंत्र थेट उंच गवतात घातले.

आमच्या आधीचे अधिकारी एप्रिलमध्ये बदलून गेले, आणि ऑगस्टपर्यंत बंगला कुलपात होता. पेट्रोल साठून राहिले की त्यातील हलके अंश उडून जातात आणि उरलेल्याचा चिकटा होतो. त्यातून आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल पावसाळी हवेतील ओल शोषून घेते. ज्या चार महिन्यांत यंत्र बिघडले त्या चार महिन्यांत कुलपाची किल्ली माळ्याकडे नव्हतीच. एवढ्या गोष्टी तारखांसह आम्ही टिपणावर नोंदविल्या, आणि वसुलीची शिफारस अमान्य केली.

दोष शोधणे अवघड नसते; माणूस शोधणे त्याहून सोपे असते, म्हणून पुष्कळशी टिपणे तेथेच संपतात. यंत्राला हुद्दा नसतो आणि भीडही नसते. नीट विचारले तर ते खरे तेच सांगते. माळ्याला विचारले असते तर त्यानेही तेच सांगितले असते. त्याने तर ते एका वाक्यात सांगितलेच होते.

आमच्यासारख्याच फिरत्या बांधवांना एक विनंती. बदलीचा हुकूम हाती पडला की सामान बांधण्याच्या गडबडीतही गवताच्या यंत्राची टाकी रिकामी करावी आणि ते आपोआप बंद पडेतो चालवावे, म्हणजे वाटीत थेंबही उरणार नाही. पाच मिनिटांचे हे काम. मागे राहणाऱ्या एखाद्या गरिबाचा पगार त्याने वाचतो.