भट्टीपाशी बसणाऱ्या भाच्यास

नाशिक रोड,
मंगळवार, रात्री



तू पाठवलेले रक्ताचे रिपोर्ट पाहिले. फोनच करणार होतो, पण तुझ्या दुकानात कायम दोन-तीन माणसं बसलेली असतात आणि घरी फोन केला की ताई शेजारी येऊन उभी राहते. हा विषय त्यांच्यासमोर बोलायचा नाही, म्हणून कागद घेतला. वाचून फाडून टाकलास तरी चालेल.

आधी एवढंच वाच, बाकीचं दुकान बंद केल्यावर. ते टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ नकोस. जिममधल्या मुलाने नाव लिहून दिलं, कमर्शियल स्ट्रीटच्या मागे कुठेतरी चिठ्ठीशिवाय मिळतं, तीन महिन्यांत अंगात जोर येतो, असं तू लिहिलंस. जोर येईलही. पण जागतिक आरोग्य संघटनेने हेच टेस्टोस्टेरॉन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, हे त्या मुलाला ठाऊक नसणार. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये तो अहवाल छापून आला. सात देशांतल्या २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टोचलं, आणि त्यातल्या १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्रजंतू उरला नाही. कारण सरळ आहे. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची ग्रंथी असते. बाहेरून भरपूर हॉर्मोन आलेलं दिसलं की ती वृषणांकडे संदेश पाठवायचं थांबवते. मग वृषणात टेस्टोस्टेरॉन बनत नाही. रक्तातला आकडा छान दिसतो, पण वृषणाच्या आत, जिथे शुक्रजंतूंना ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त लागतं, तिथे खडखडाट. औषध थांबवल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण महिनोन् महिने जातात. तुम्ही दोघं मुलाची वाट पाहताय आणि तू संततिनियमनाचं औषध टोचून घ्यायला निघालास.

आता तुझा खरा प्रश्न. ड जीवनसत्त्व ११, टेस्टोस्टेरॉन २४८, दोन्हींपुढे लाल बाण. पहिलं कमी म्हणून दुसरं कमी झालं का?

शंका वेडगळ नाही. रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे या दोघांचं गोत्र मला ठाऊक आहे. दोन्ही एकाच कुळातले, कोलेस्टेरॉलच्या घराण्यातले. ड जीवनसत्त्वाची रचना उलगडण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या अडोल्फ विंडाऊस यांना १९२८ साली नोबेल मिळालं. त्यांच्याच हाताखाली ग्योटिंगेनला डॉक्टरेट केलेल्या बुटेनांटने १९३५ साली कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवून दाखवलं. (त्यालाही १९३९ चं नोबेल जाहीर झालं, पण हिटलरच्या सरकारने ते घेऊ दिलं नाही.) शिवाय टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या वृषणातल्या लेडिग पेशींमध्ये ड जीवनसत्त्वाचा संदेश ओळखणारी ग्राही प्रथिनं सापडतात. म्हणजे तिथे त्याचं काहीतरी काम असावं.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या डॉक्टरांनी हा धागा धरला. २०१० साली त्यांनी २२९९ पुरुषांचे आकडे मांडले. ज्यांचं ड बरं त्यांचं टेस्टोस्टेरॉनही बरं. इतकंच नाही, दोन्ही मार्चमध्ये तळाला आणि ऑगस्टमध्ये शिखरावर. पुढच्याच वर्षी ५४ जाड पुरुषांवरचा प्रयोग आला. काहींना वर्षभर रोज ३३३२ युनिट ड, बाकीच्यांना नुसती खोटी गोळी. ड घेणाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन लिटरमागे सरासरी १०.७ वरून १३.४ नॅनोमोलवर गेलं (तुझ्या रिपोर्टातलं एकक वेगळं आहे). ड वाढवलं की टेस्टोस्टेरॉन वाढतं, ही जी बातमी लोकांपर्यंत पोचते ती बहुधा इथपर्यंतचीच.

पुढचं कमी लोक सांगतात. त्याच ग्राझच्या गटाने नीट आखणी करून पुन्हा प्रयोग केले. एक, टेस्टोस्टेरॉन ठीक असलेल्या पुरुषांवर, २०१७ साली. दुसरा, ते मुळातच कमी असलेल्यांवर, २०१९ साली. प्रत्येकात शंभराच्या आसपास माणसं, बारा आठवडे, आठवड्याला २०,००० युनिट. ड वाढलं, टेस्टोस्टेरॉन जागचं हललं नाही. आपल्याच जुन्या निष्कर्षाविरुद्ध गेलेलं त्यांनी छापलं, याचं मला फार कौतुक वाटतं. कोपनहेगनला मूल न होणाऱ्या ३३० पुरुषांवर असाच प्रयोग झाला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वीर्याच्या दर्जात फरक नाही. शुक्रजंतू अगदीच कमी असलेल्यांच्या छोट्या गटात मूल होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, पण तेवढ्यावर पैज लावण्यात अर्थ नाही.

मग दोन्ही आकडे एकत्र का पडतात? दोघांना खाली ओढणारी माणसाची राहणी एकच असते म्हणून. पोट सुटलं की ड जीवनसत्त्व चरबीत जाऊन बसतं, रक्तात कमी दिसतं. त्याच चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होतं. साखरेच्या आजारात दोन्ही बऱ्याचदा खाली दिसतात. झोपेचं म्हणशील, तर २०११ मध्ये शिकागोला दहा तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. तुझं लग्नानंतर वाढलेलं वजन आणि रात्री एकपर्यंत चालणारा मोबाईल ताईने मला सांगितलाय, तेव्हा नाकारू नकोस.

शिवाय रिपोर्टावर रक्त घेतल्याची वेळ छापलीय, दुपारी चार चाळीस, तेही जेवून. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, दिवसभर उतरत जातं, जेवणानेही खाली येतं. म्हणून दोन वेगवेगळ्या सकाळी ३०० च्या खाली आलं तरच कमी म्हणायचं, असा अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेचा दंडक आहे. तुझ्या २४८ ला मी अजून कमी म्हणतच नाही.

११ मात्र खरंच कमी. दिवसाच्या वेळेचा त्याच्यावर परिणाम होत नाही. आणि त्याचं कारण मी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा डोळ्यांनी पाहिलंय. बंगळुरूला सूर्य वर्षातून दोनदा, एप्रिलच्या शेवटी आणि ऑगस्टच्या मध्याला, बरोबर डोक्यावर येतो, भर दुपारी उभ्या खांबाची सावली पडत नाही. अशा गावात शिवाजीनगरच्या त्या बोळात तू सकाळी नऊला शिरतोस आणि रात्री नऊला बाहेर पडतोस. खानापूर-आटपाडीकडची आपली माणसं पाऊस नाही म्हणून गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात गेली, साऱ्या देशभर पांगली. आजोबांना उन्हाची कमी नव्हती, पाण्याची होती. तुझं उलट झालं. पहाटे रसेल मार्केटला भाजीला जातोस तेव्हा सूर्य वर आलेला नसतो, आणि दुकानात ट्यूबलाइट. सोनं १०६४ अंशांना वितळतं, त्या मुशीसमोर तुझी कातडी लाल होते, पण त्या लालीत ड बनवणारे अतिनील किरण नसतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हातही ते जवळजवळ नसतात.

हे आमच्या नाशकात शंभर वर्षांपूर्वीच दिसून गेलंय. हचिसन आणि पटेल यांनी १९२१ साली या शहरातल्या हाडं मऊ पडण्याच्या रोगावर लिहिलं, पुढच्या वर्षी हचिसन आणि शहा यांनी. चांगलं खाणाऱ्या, पण पडद्यात कोंडलेल्या बायकांना तो रोग होता; निकृष्ट खाऊन उघड्यावर राबणाऱ्यांना तो नव्हता. ड जीवनसत्त्वाला तेव्हा धड नावही मिळालेलं नव्हतं. आता तो पडदा पुरुषांच्या वाट्याला आलाय, वर पगार देऊन.

तेव्हा ड भरून काढ, पण हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. डॉक्टर साठ हजार युनिटांची पुडी देतील ती आठवड्यातून एकदाच, जेवणानंतर. काही शहाणे ती रोज घेतात, मग रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडांवर येतं. पुण्यात जहांगीर हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांना सहा महिने अकरा ते तीनच्या दरम्यान रोज वीस मिनिटं चेहऱ्यावर आणि हातांवर ऊन घ्यायला लावलं होतं. दुपारचा डबा तू गच्चीवर खाऊ लागलास तर तेवढं सहज होईल. बाह्या वर करून.

मुलाच्या बाबतीत मला भट्टीचा संशय जास्त आहे. शुक्रजंतू बनायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश गारवा लागतो, आणि तू मांडी घालून मुशीसमोर बसतोस. उंच स्टूल घे, जीन्स सोड, आणि एक मूस उतरवल्यावर दुसरी चढवण्याआधी बाहेर ये. ॲसिडच्या धुरासाठी पंखा बसव, हे तर मी मागेच सांगितलं होतं.

सूनबाईच्या किती सोनोग्राफ्या झाल्या, किती वेळा तिचं रक्त काढलं, ते सगळं तू लिहिलंस. तुझी वीर्यतपासणी झाली का, हे कुठेच नाही. स्वस्त, बिनदुखाची आणि खरं तर पहिली करायची तपासणी ती. आधी दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही, एवढीच अट. बाउरिंग हॉस्पिटल तुझ्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट दाखव आणि भट्टीचं काम करतो हे सांग, नाहीतर ते विचारणार नाहीत. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून आज जे बदलशील त्याचा हिशेब फाल्गुनात.

टेस्टोस्टेरॉनचं रक्त परत दे, सोमवारी सकाळी साडेसातला, उपाशीपोटी, आदल्या रात्री नीट झोपून. दुकान दोन तास उशिरा उघड.

तुझा,
मामा